बुंबाय जेवायला येतो

केस कानांवर आले असतील तर आधी कापून या. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात लांब केसांचा पुरुष दिसला, तर पोलीस त्याला रस्त्याकडेला बसवून भादरतात. जेवण राहील बाजूला. मोबाईल घरी ठेवा. मध्यरात्री बारा ते पहाटे चार संचारबंदी असते आणि तीत सापडलेल्यांना सकाळी सरकारी जागेतलं गवत उपटायला लावतात, म्हणून उतरायचं ते दिवसाउजेडी. भाषेची काळजी नको. अशा सफरीत भाषा आपोआप समजते, एवढी सवलत लेखकाला असते.

तुम्ही उतरता ते क्युबाओत. मनिलाला चिकटलेल्या क्वेझॉन सिटीतला हा गजबजलेला भाग. एड्सा नावाचा रुंद रस्ता, गावांकडून आलेल्या बसगाड्या, अमेरिकन लष्कराच्या टाकलेल्या जीपांपासून सुरू झालेल्या आणि आता नखशिखांत रंगवलेल्या जीपन्या, आणि मधोमध भला मोठा घुमट. हे आरानेता कोलिझियम, १९६० साली उघडलेलं. आज बुधवार आहे, साडेदहा वाजून गेलेत आणि घुमटाभोवती मुंगी शिरायला जागा नाही. पावणेअकराला आत मुहम्मद अली आणि जो फ्रेझर तिसऱ्यांदा समोरासमोर येणार आहेत. मुष्टियुद्ध भल्या सकाळी का? तर अमेरिकेत तेव्हा रात्र असते आणि तिथल्या प्रेक्षकांना जेवणं उरकून लढत बघायची असते. इथल्यांच्या जेवणाचं काय, हे कुणी विचारलेलं नाही.

तिकिटांच्या रांगेत शिरू नका. घुमटाला वळसा घालून मागच्या गल्लीत या. पत्र्याचं छप्पर, मेणकापड ठोकलेलं एक लांब टेबल, दोन बाकं, आणि दर्शनी कट्ट्यावर ओळीनं मांडलेली झाकलेली ॲल्युमिनियमची पातेली. भिंतीवर निरंतर साहाय्य मातेची तसबीर, कारण मालकीण दर बुधवारी संध्याकाळी बाक्लारानच्या चर्चला नोव्हेनाला जाते. तसबिरीखाली ट्रान्झिस्टर. एक पोरगा काठीला बांधलेल्या कागदी पट्ट्यांनी माश्या हाकतोय. ही कारिंदेरिया. घराच्या पुढच्या खोलीत, घरच्याच चुलीवर, घरच्याच बाईनं चालवलेली. मागच्या खोलीत घरचे लोक तेच जेवतात.

मालकिणीला सगळे ‘आते’ म्हणतात, म्हणजे ताई. साठीचा जीपनीवालासुद्धा आतेच म्हणतो. ती तुम्हाला बघते आणि तिच्या हातातला डाव थांबतो.

‘‘अजून बोहनी नाही झाली,’’ ती म्हणते. ‘‘दुपारी या ना. आज गर्दी होईल. कालचं नि आजचं एकदम देते.’’

तुम्ही गोंधळता, पण चूक तिचीही नाही. या देशात भारतीय चेहऱ्याचा कुणीही ‘बुंबाय’ असतो. तो जालंधरकडचा असो नाही तर सिंधी कापडवाला, नाव मुंबईचंच चिकटलंय. आणि गल्लीबोळांत फिरणाऱ्या बुंबायचे धंदे दोन: छत्र्या, मच्छरदाण्या, चादरी हप्त्यानं विकणं आणि ‘पाच-सहा’नं पैसे देणं. पाच घ्यायचे, सहा फेडायचे, रोज थोडे थोडे. बाजारातल्या भाजीवाल्या, कोळणी आणि कारिंदेरियावाल्या यांची भांडवलाची पेढी म्हणजे हा माणूस. बँकेत आतेला उभं कोण करणार? तारण नाही, पगाराची चिठ्ठी नाही. बुंबाय कागद मागत नाही. तो रोज येतो, तेवढंच. पोरांनी दंगा केला की आया त्याच्याच नावानं भीती घालतात: बुंबायच्या पोत्यात घालीन हं.

‘‘मी वसुलीला नाही आलो, जेवायला आलोय,’’ असं तुम्ही सांगता तेव्हा बाकावरचे तिघे चौघे वळून बघतात.

‘‘बुंबाय जेवतो?’’ पोरगा विचारतो.

आते त्याच्या डोक्यावर टपली मारते आणि तुम्हाला म्हणते, झाकणं उघडून बघ.

खरंच उघडून बघायचं. यात काही वावगं नाही. इथं मेन्यूकार्ड नसतं, पातेली असतात. आपल्याकडे परक्यानं स्वयंपाकघरातल्या पातेल्यावरचं झाकण उचललं तर घरची बाई मनात काय म्हणेल ते म्हणेल. इथं झाकण न उचलता जेवण मागणारा माणूसच संशयास्पद.

पहिलं झाकण उचललंत की आंबट वाफ डोळ्यांत जाते. सिनिगांग. चिंच आहे हे वासावरून कळतं, पण तुमची जीभ चिंचेच्या मागोमाग गुळाची वाट बघणार आणि गूळ येणार नाही. हळद नाही, मोहरी नाही, फोडणीच नाही. हिरव्या चिंचा उकडून, कुस्करून, गाळून त्यांचं पाणी तांदळाच्या दुसऱ्या धुवणात घातलंय. त्यात हाडासकट डुकराचं मांस, मुळ्याच्या चकत्या, वांगं, चवळीच्या शेंगा, रस्सा जरा दाट व्हावा म्हणून अळकुड्या, आणि उतरवता उतरवता मूठ मूठ कांगकोंग, म्हणजे आपली नाळीची भाजी. चिंच नसेल तर कच्ची कैरी चालते, पेरू चालतो, कामियास चालतं. हे कामियास कोकणातल्या माणसानं लगेच ओळखावं, ती बिमली आहे. अंगणात जे आंबट झाड असेल त्याचं सिनिगांग.

जरा थांबून पातेल्यात डाव फिरवून बघा. मांसाचे तुकडे किती आहेत ते आतेला पाठ आहे. बाजारातून येता येताच तिनं ते मनात मोजलेत. संचारबंदी चारला उठते, त्याच मिनिटाला ती पिशवी घेऊन बाहेर पडते, कारण कसायाकडची स्वस्त हाडं साडेचारला संपतात. पण खरी युक्ती आंबटपणात आहे. आंबट रस्सा भात ओढतो. दोन तुकडे मांस, चार फोडी भाजी आणि वाटीभर रस्सा यांवर कष्टाचा माणूस दोन ताटं भात संपवतो आणि उठताना जेवलो असं म्हणतो. नुसता रस्सा पुन्हा मागितला तर त्याचे पैसे लागत नाहीत. फिलिपिनो जेवणावर लिहून नाव मिळवलेल्या डोरीन फर्नांडिस यांनी पुढं लिहिलं की जगाला आदोबो माहीत असला तरी फिलिपिनो जिभेची खूण सिनिगांगमध्येच आहे. मला ते पटतं. आदोबो परदेशात टिकतो. सिनिगांगला मात्र झाड जवळ लागतं.

आदोबो दुसऱ्या पातेल्यात आहे, कालचा. कालचा असणं हा त्याचा गुण. व्हिनेगर, लसूण, मिरी, तमालपत्र आणि चिनी घरांतून आलेला सोया सॉस; फ्रीज नसलेल्या घरात दोन दिवस बिनघोर राहतो. व्हिनेगर घातल्यावर उकळी येईपर्यंत डाव घालायचा नाही, नाही तर कच्चा वास राहतो, असं इथली प्रत्येक बाई सांगते. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात आले तेव्हा इथं मांस व्हिनेगरमध्ये शिजतच होतं. १६१३ साली छापलेल्या एका पाद्र्याच्या तागालोग कोशात ‘इथल्या लोकांचा आदोबो’ म्हणून त्याची नोंद आहे. साहेबानं नाव तेवढं दिलं.

तिसरं झाकण उघडल्या उघडल्या बंद कराल, तर करू नका. काळा रस्सा आहे तो डुकराच्या रक्ताचा, व्हिनेगरमध्ये शिजवलेला. दिनुगुआन. गोव्याकडे जुन्या पद्धतीचं सोरपोतेल खाल्लेल्याला यात नवीन काही वाटणार नाही. बाकीच्यांनी पुढं सरकावं. पुढच्या परातीत तळलेले गालुंगगोंग, बांगड्याएवढे, गरिबाचा मासा. यातले जे दुपारी उरतील ते संध्याकाळी टोमॅटो-कांद्यात परतून, वर अंडं फोडून, दुसऱ्याच नावानं कट्ट्यावर येतील. उरलेला भात उद्या सकाळी लसणीत परतला जाईल. या कट्ट्यावर कुठलाही पदार्थ एका जन्मात सुटत नाही. शुक्रवारी आला असतात तर मूग मिळाले असते, आणि शाकाहारी मराठी माणूस हमखास त्यांनाच फसला असता: दिसायला घरची आमटी, कडेला शेवग्याचा पाला, आणि तळाशी सुकट नाही तर डुकराची कुरकुरीत कातडी. शाकाहाऱ्यानं इथं भात आणि केळी खावीत आणि १९७५ सालाची हवा बघून परत जावं.

शेवटच्या पातेल्यात कारे-कारे. खरं म्हणजे हे बैलाच्या शेपटीचं, रविवारचं. पण बुधवारी कुणाला परवडतंय, म्हणून आतेनं वजडी घातलीय. शेंगदाण्याच्या कुटाचा जाड, केशरट रस्सा, त्यात केळफूल आणि वांगं. दाण्याचं कूट बघून तुम्हाला उगीचच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटेल. दाणा मुळात दक्षिण अमेरिकेचा. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं आकापुल्को ते मनिला स्पेनची गलबतं चालली, त्यांनी मेक्सिकोची चांदी आणली आणि चांदीच्या आडून झाडंझुडपं आणली. शाळेबाहेर आपण खातो ती विलायती चिंचसुद्धा मेक्सिकोहून याच बंदरावरून आशियात पसरली. कारे-कारेची मात्र एक वेगळी गोष्ट इथं सांगतात. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतलं तेव्हा त्यांच्याबरोबर मद्रासचे शिपाई होते. १७६४ मध्ये इंग्रज गेले, काही शिपाई पळून कायन्ता गावात राहिले, तिथल्या मुलींशी लग्नं केली. कायन्ता इथून जीपनीच्या अंतरावर आहे. त्या शिपायांनी घरच्या रश्श्याची आठवण काढत जे शिजवलं ते कारे-कारे, म्हणतात. शिपाई कायन्तात राहिले हे खरं. रश्श्याबद्दल मला शंका आहे: मद्रासचा माणूस मिरचीशिवाय रस्सा करून गप्प बसेल?

बोट दाखवा. सिनिगांग, आणि एक गालुंगगोंग. आते वाटीनं भात दाबून ताटलीत पालथा घालते, वर गोल राहतो.

भाताकडे जरा आदरानं बघा. तीन वर्षांपूर्वी, १९७२ च्या जुलैत मध्य लुझोनची शेतं आठवडेच्या आठवडे पाण्याखाली होती, आणि १९७३ मध्ये तांदळासाठी रांगा लागल्या. खानावळींनी भातात मक्याची कणी मिसळली. इथून दोन तासांवर लोस बान्योस गावात जगातली सगळ्यात मोठी तांदूळ संशोधन संस्था होती, १९६६ मध्ये तिनंच आय.आर.८ हे चमत्कारी बियाणं काढलं होतं, आणि तरी रांगा. आय.आर.८ भारतातही आलं. आपल्या भात पिकवणाऱ्यांना त्याचे गुणदोष माहीत आहेत. पीक भरघोस, पण भात गार झाला की खड्यासारखा. तुमच्या शेजारचा म्हातारा भाताचा पहिला घास तोंडात घालून सांगतो, हा नवा आहे, बरा आहे. त्या वाक्यात तीन वर्षांची हकिगत आहे आणि तो ती पुढं सांगत नाही.

तो फार काहीच सांगत नाही, हे तुमच्या लक्षात येतं. कुणीच सांगत नाही. सप्टेंबर १९७२ पासून मार्शल लॉ आहे आणि जानेवारी १९७३ पासून अफवा पसरवणं हा गुन्हा आहे. अफवा म्हणजे काय, हे ऐकणारा ठरवतो. कॅम्प क्रामे, जिथं राजबंदी ठेवतात, ते याच एड्सावर आहे, चालत जाल. याच वर्षी एप्रिल-मेमध्ये निनॉय आकिनो नावाचा विरोधी नेता तुरुंगात ४० दिवस उपाशी राहिला. खानावळीत तो विषय निघत नाही. म्हणून बोलणं होतं ते पावसाचं, रॉकेलच्या भावाचं आणि अलीचं. समोरच्या भिंतीवर सरकारी भित्तिपत्रक आहे: देशाची प्रगती हवी तर शिस्त हवी. तुम्ही मुंबईहून १९७५ सालातूनच आला असतात, तर हे वाचून दचकला नसता. तिकडे जूनपासून आणीबाणी आहे. विनोबांनी पवनारहून तिला ‘अनुशासन पर्व’ म्हटलंय, आणि जयप्रकाश कैदेत आहेत. दोघांनाही याच मनिलानं मॅगसेसे पुरस्कार दिलेला: विनोबांना १९५८ मध्ये, जयप्रकाशांना १९६५ मध्ये. हे तुम्हाला म्हाताऱ्याला सांगावंसं वाटतं. नका सांगू. जेवा.

ट्रान्झिस्टरवर घंटा वाजते. मागोमाग एक मोठी गर्जना. आणि ती संपते न संपते तोच तीच गर्जना गल्लीच्या तोंडाकडून पुन्हा येते, घुमटातून हवेतनं चालत आलेली. रेडिओ पुढं, खरा आवाज मागं. तासभर हे असंच चालणार. पैजा लागल्यात. जीपनीवाला फ्रेझरचा, पोरगा अलीचा. तुम्हाला निकाल माहीत आहे. पैज लावायचा मोह होईल. शहाण्या माणसानं काळाच्या सफरीत जुगार खेळू नये, आणि खेळायला तुमच्याकडे काही आहे का, हे अजून तुम्ही तपासलेलं नाही.

काटा डाव्या हातात, चमचा उजव्या हातात. सुरी नाही, चमच्याच्या कडेनंच मांस तुटतं. हातानं जेवलात तरी कुणी बघणार नाही, म्हातारा हातानंच जेवतोय, बोटांनी भाताचा लहान मुटका करून अंगठ्यानं ढकलत. सिनिगांगचा पहिला घोट कानामागं झिणझिण्या आणतो. दुसऱ्यानंतर घाम येतो. आणि मग टेबलावरच्या बाटल्या कशासाठी आहेत ते कळतं: पातिस, म्हणजे माशाचं खारं पाणी, व्हिनेगरमध्ये मुरलेल्या मिरच्या, छोटी हिरवी कालामान्सी लिंबं. आतेनं मीठ मुद्दाम कमी ठेवलंय. शेवटचा हात जेवणाऱ्यानं फिरवायचा. आपल्याकडे वाढलेल्या आमटीत वरून मीठ घातलं तर करणारीचा अपमान. इथं न घालता खाल्लं तर तुम्ही पाहुणे. म्हातारा तुमच्या बशीत पातिस ओततो, मिरची कुस्करतो, त्यात माशाचा तुकडा बुडवून दाखवतो. दाखवून झाल्यावर तो तुकडा स्वतःच खातो.

पलीकडे एक पंचविशीतला तरुण बसलाय, मांडीवर खाकी लिफाफा. कागदपत्रं आहेत. जहाजावर लागायचंय, नाही तर सौदी अरेबियात. गेल्या वर्षी, मे १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसनी कामगार संहितेवर सही केली. परदेशी नोकऱ्या लावून द्यायला सरकारचीच मंडळं निघाली. तेलाचा पैसा तिकडे, माणसं इकडे. याच सुमारास रत्नागिरीचे लोकही त्याच आखाताकडे निघालेत. पुढच्या पन्नास वर्षांत हा पोरगा किंवा याचे पोरगे कोकणातल्या खलाशांबरोबर एकाच जहाजाच्या मेसमध्ये जेवतील, आणि आचारी बहुतेक वेळा यांच्यातलाच असेल. त्याला आत्ता एवढंच माहीत आहे की डॉक्टरी तपासणीचे पैसे भरायचेत. त्याच्या ताटलीत भात, रस्सा आणि मासा अर्धा. उरलेला अर्धा आतेनं झाकून ठेवलाय, रात्रीसाठी. ते न सांगता झालंय.

त्याच्या शेजारचा तोंदोतल्या ला तोंदेन्या दारूकारखान्यात कंत्राटी आहे, आज खाडा करून अलीला बघायला आला होता, तिकीट मिळालं नाही. तुम्हाला माहीत आहे की २४ ऑक्टोबरला त्या कारखान्यात संप होणार, मार्शल लॉमधला पहिला मोठा संप, कायम नोकरीसाठी. आणि नोव्हेंबर उजाडताच सरकार सगळ्याच संपांवर बंदी घालणार. तो मात्र तेराव्या फेरीवर कान लावून बसलाय.

चौदाव्या फेरीनंतर घुमटात विचित्र गलका होतो. फ्रेझरचा एक डोळा मिटलाय, दुसराही मिटत आलाय, त्याचे गुरू एडी फच त्याला पंधराव्या फेरीला उठू देत नाहीत. पंच कार्लोस पादिया, इथलाच माणूस, अलीचा हात वर करतो. पोरगा टेबलावर चढतो. जीपनीवाला फ्रेझरला नव्हे तर फचला शिव्या घालतो. पुढच्या वर्षी या घुमटाशेजारी एक मोठं बाजारसंकुल उघडेल, त्याला अलीचं नाव देतील. आता बारा वाजायला आलेत. लोक बाहेर पडतील आणि त्यांना भूक लागलेली असेल.

तुमचं झालं. पण पैसे देण्याआधी कट्ट्याच्या टोकाला खिळ्यावर लटकवलेली वही बघून घ्या. वर एक पाटी आहे, इथल्या बहुतेक दुकानांत असते तशी विनोदी: उधारी चांगली गोष्ट आहे, पण आम्हाला रोकड लागते. पाटीच्या बरोब्बर खाली उधारीची वही. नावं, पुढं काड्या. लिफाफेवाला तरुण, तोंदोवाला, म्हातारा, सगळे त्यात आहेत. पंधरवड्याला पगार होतो तेव्हा काड्या खोडल्या जातात, काही खोडल्या जात नाहीत. म्हणजे आते बुंबायकडून पाच घेते, दुपारपर्यंत ते रस्सा होऊन दहा पोटांत गेलेले असतात, आणि बुंबायला हप्ता मात्र रोजच्या रोज लागतो. मधली फट ती चिंचेनं आणि तांदळाच्या धुवणानं बुजवते.

मुंबईत परळ-लालबागच्या चाळींत हेच चाललंय. गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका, पगाराला थकणारे गडी, किराणावाल्याची उधारी, सावकाराचं व्याज. याच १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं; बँकेला सांगितलं की यांच्याकडे तारण नाही पण या रोज स्वयंपाक करतात. बँकेनं कर्ज दिलं. आतेच्या गल्लीत असं कुणी आलेलं नाही. इथं बँकही बुंबाय आणि सावकारही बुंबाय.

‘‘किती झाले?’’ तुम्ही विचारता आणि पाकीट काढता.

पाकिटात तुमच्या काळातली नोट आहे, पाचशे पिसोंची, निवांत पिवळी. ती अर्धी बाहेर येते आणि तुमचा हात थबकतो. नोटेवर एक जोडपं हसतंय. कोराझोन आकिनो, १९८६ मध्ये याच एड्सावर लाखो लोक उतरल्यावर राष्ट्राध्यक्ष होणारी बाई. आणि तिच्याशेजारी चष्म्यातला निनॉय, जो आज, या घटकेला, फोर्ट बोनिफासिओत कैदेत आहे. ही नोट क्युबाओत टेबलावर ठेवणं म्हणजे अफवा पसरवण्याच्या कितीतरी पुढची गोष्ट होईल. पाकीट खिशात जातं.

‘‘पैसे विसरलो,’’ तुम्ही म्हणता. दुसरं काय म्हणणार?

खानावळ एक क्षण गप्प होते. मग जीपनीवाल्याला ठसका लागतो. मग सगळेच हसायला लागतात, म्हातारा डोळे पुसतो. आते वही खिळ्यावरून काढते, कानामागची पेन्सिल घेते आणि मोठ्यानं म्हणत लिहिते: बुंबाय. सिनिगांग एक. मासा एक. भात दोन.

‘‘व्याज लावू का?’’ ती विचारते, आणि पुन्हा हशा.

तेवढ्यात खरा बुंबाय येतो. पगडी, दुचाकी, छातीच्या खिशात लांब अरुंद वही. हसणं विरतं, पण फारसं नाही. तो रोजचाच आहे. तो तुम्हाला बघून हिंदीत विचारतो, ‘‘कुठले?’’

‘‘मुंबई.’’

‘‘मी कधी बघितली नाही,’’ तो म्हणतो. ‘‘जालंधर, दिल्ली आणि तिथून सरळ इथं.’’

काय झालं ते पोरगा त्याला सांगतो, हातवारे करून, जरा वाढवून. सरदारजी मिशीतल्या मिशीत हसतो, खिशात हात घालतो आणि आतेला म्हणतो, याचे मी देतो. आते मान हलवते. वही छातीशी धरते. त्याला कालचा नि आजचा हप्ता डब्यातून मोजून देते, सुट्या नाण्यांत. पंचवीस सेंतिमोंच्या नाण्यांवर हुआन लुना हा चित्रकार आहे, तो एकामागोमाग एक सरदारजीच्या तळहातावर पडतो. सरदारजी आपल्या वहीत खूण करतो. तुमचं खातं त्याच्याकडे जात नाही.

गल्लीच्या तोंडाशी आता माणसं दिसायला लागलीत, घुमटातनं सुटलेली, घामानं भिजलेली, हातवारे करत चौदावी फेरी परत खेळणारी. पहिले तिघे कट्ट्याशी पोचलेसुद्धा, झाकणं उचलतायत.

‘‘बुंबाय, ऊठ आता,’’ आते ओरडते. ‘‘बाक मोकळं कर. आणि उद्या येणार असलास तर अकराच्या आधी ये, नंतर मासा राहत नाही.’’